वरचा मजला भाड्यानं दिला म्हणून घरपट्टी सहापट? पालिकेशी काय बोलायचं आणि भाडेकरूशी काय

प्रश्न मोठा होता म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तालुक्याच्या गावी तुमचं दुमजली आरसीसी घर, प्रत्येक मजला ६० चौरस मीटर. खाली तुम्ही राहता, वर बदलीवर आलेल्या एका बँक कर्मचाऱ्याला लिव्ह अँड लायसन्सवर दिलंय, महिना ४,००० भाडं. नगरपरिषदेची चतुर्थ वार्षिक (दर चार वर्षांनी व्हायची ती) फेरआकारणी झाली आणि नोटीस आली त्यात खालच्या मजल्याचा कर दीडपटीच्या आसपास वाढलाय पण वरच्याचा सहापट. शेजारी तुमच्यासारखंच घर, त्याच्याही वरच्या मजल्यावर भाडेकरू, पण रजिस्टरला दोन्ही मजले 'स्वतः' असे लागलेत म्हणून त्याला फरक फारसा नाही. तुम्ही विचारताय की खरं सांगितलं म्हणून मलाच दंड का, आणि भाडेकरूचं भाडं १,००० नी वाढवून हे वसूल केलं तर चालेल का.

नगरपरिषदेच्या कर विभागात नोकरी केली, आता रिटायर आहे, लोकांच्या हरकती लिहून देतो, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बघितलेलं सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे इथे भांडणं दोन आहेत, एक पालिकेशी आणि एक भाडेकरूशी, आणि तुम्ही पहिलं न लढताच दुसऱ्याकडे निघालाय. पालिकेनं जास्त लावलंय असं तुम्हीच म्हणताय, मग ते कमी करून घ्यायच्या आधीच भाडेकरूच्या गळ्यात कशाला घालता?

आता आकडे बघू, कारण नुसतं 'सहापट' म्हटलं की डोकं फिरतं आणि नेमकं कुठे चुकलंय ते दिसतच नाही. तुम्ही टाकलेल्या नोटीसच्या फोटोत खालच्या मजल्याला महिना १८ रुपये चौरस मीटर दर धरलाय. ६० गुणिले १८ गुणिले १२ म्हणजे वार्षिक भाडेमूल्य १२,९६०, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा, करयोग्य मूल्य ११,६६४. तुमच्याकडे संकलित कर २२ टक्के आहे, म्हणजे २,५६६ रुपये. आधी दर ११ रुपये होता तेव्हा हाच कर १,५६८ यायचा. इथपर्यंत ठीक आहे, वाढ जाणवते पण समजते.

वरच्या मजल्याला मात्र चौरस मीटरचा दर लावलेलाच नाही. तिथे प्रत्यक्ष भाडं घेतलंय, ४,००० गुणिले १२ म्हणजे ४८,०००, वजा १० टक्के, करयोग्य मूल्य ४३,२००, त्याचे २२ टक्के म्हणजे ९,५०४. (शिक्षण कर, वृक्ष कर, घनकचऱ्याचं वगैरे मी धरलेलं नाही, ते वेगळं. शिक्षण करही मूल्यावरच असतो त्यामुळे मूल्य फुगलं की तोही वाढतो.) तेच बांधकाम, तेवढंच क्षेत्रफळ, जिना एकच, नळ एकच, समोरचा गटार पण एकच, आणि करयोग्य मूल्य खालच्याच्या पावणेचारपट. घोळ इथे आहे. भाडेकरू आहे म्हणून जास्त लागलं हे अर्धंच खरं, एकाच घराला दोन वेगळ्या मोजपट्ट्या लावल्यात हे पूर्ण खरं.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम १९६५ असो की महापालिकांचा १९४९ चा, करयोग्य मूल्य ठरवायची जुनी पद्धत एकच आहे: ती मिळकत वर्षाच्या वर्षाला भाड्यानं दिली तर वाजवीपणे किती भाडं येईल अशी अपेक्षा करता येईल, ती रक्कम वजा १० टक्के. यात 'वाजवी अपेक्षा' आहे, प्रत्यक्ष किती मिळतं हे नाही. प्रत्यक्ष भाडं हा वाजवी भाड्याचा एक पुरावा झाला, चांगला पुरावा पण, त्याबद्दल वाद नाही. पण मग तो पुरावा सगळ्यांनाच लावा ना! तुमचा वरचा मजला महिना ४,००० ला जातो याचा अर्थ खालचा मजलाही साधारण तेवढ्यालाच जाईल, आणि शेजाऱ्याचे दोन्ही जातील. पालिकेनं मात्र खालच्याचं वाजवी भाडं महिना १,०८० धरलंय. एकाच घराचं वाजवी भाडं एका मजल्यावर १,०८० आणि दहा पायऱ्या चढून गेलं की ४,०००, हे सुनावणीत कुठल्या अधिकाऱ्याला समजावून सांगता येतं ते बघायला मलाही आवडेल.

हे होतं कसं ते पण सांगतो. सर्व्हेचं काम हल्ली एजन्सीला दिलेलं असतं. दोन पोरं टेप नाहीतर लेझर मीटर घेऊन येतात, दारावर रंगानं नंबर टाकतात, टॅबवर फॉर्म भरतात. मालक कामावर गेलेला, घरात आजी. "आजी, वर कोण राहतं? भाडेकरू? किती देतात?" आजी बिचारी खरं सांगते. तो आकडा टॅबमध्ये गेला की पुढे कोणीच बघत नाही, सॉफ्टवेअर भाड्याचा रकाना भरलेला दिसला की दराचा तक्ता सोडून तोच आकडा उचलतं. शेजारची आजी म्हणाली असेल 'पुतण्या राहतो', संपला विषय. म्हणजे वाढ ठरली कशावरून तर त्या दुपारी दार कोणी उघडलं यावरून. हरकतीत हे असं लिहायचं नाही, पण डोक्यात ठेवा, कारण चूक धोरणात आहे की नोंदीत हे आधी शोधायचं असतं आणि माझ्या अनुभवात बऱ्याच वेळा ती नोंदीतच असते.

इथे एक अट आहे. तुमच्या पालिकेचा ठराव काय आहे ते बघा. काही ठिकाणी स्वतः राहत असाल तर एक दर आणि भाड्यानं दिलं तर त्याच्या दीडपट-दुप्पट असा सरळ ठराव असतो. तसा असेल तर 'मला भाडेकरूचा दर का' ही हरकत चालणार नाही, 'मला तक्त्यातला भाडेकरूचा दर लावा, करारातलं भाडं नको' ही चालेल. समजा दुप्पट आहे, ३६ रुपये, तरी कर ५,१३२ येतो, ९,५०४ नाही. आणि ठरावच प्रत्यक्ष भाड्याचा असेल तर मुद्दा बदलतो, मग त्या ४,००० मध्ये काय काय आहे ते सोडवून दाखवावं लागतं. तुम्हीच लिहिलंय की भाड्यात पाणी, मोटारीचं लाईट बिल, दोन कपाटं, पंखे आणि गिझर आलं. घरपट्टी पण तुम्हीच भरता. मग ४,००० हे घराचं भाडं नाहीच, त्यात सेवा आहेत, सामान आहे आणि स्वतः घरपट्टीही आहे, म्हणजे करावर पुन्हा कर बसतोय. पाण्याचं किती, विजेचं किती, सामानाचं किती असा साधा हिशेब कागदावर मांडा आणि बिलांच्या झेरॉक्स जोडा. हे कमी करून मिळालेलं मी पाहिलंय, पूर्ण नाही पण बऱ्यापैकी.

शेजाऱ्याबद्दल. त्याचं नाव घेऊन 'त्यांच्याकडे पण भाडेकरू आहे' असं लिहू नका. यात सज्जनपणा वगैरे काही नाही, फायदा नाही म्हणून सांगतोय: अधिकारी म्हणेल बरं झालं सांगितलंत, त्यांचीही वाढवतो, आणि तुमची आहे तशीच राहील वर गल्लीत तोंड दाखवायची पंचाईत. त्यापेक्षा तुमच्या ओळीतल्या चार-पाच मिळकतींचे आकारणी उतारे मागा, माहिती अधिकारात मागितले तरी चालतील पण ३० दिवस लागू शकतात आणि हरकतीची मुदत निघून जाईल, म्हणून आधी साधा अर्ज करा. आकारणी यादी जनतेला बघण्यासाठी खुली ठेवावीच लागते, तिथे जाऊन वहीत उतरवून घेतलं तरी काम होतं. हरकतीत मिळकत क्रमांक, क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार आणि प्रति चौरस मीटर करयोग्य मूल्य एवढंच द्यायचं, कोण राहतं हे द्यायचं नाही. फेरआकारणीत न्याय मागायचा तर तुलना शेजारच्याशी करायची असते, स्वतःच्या गेल्या वर्षीच्या बिलाशी नाही. गेल्या वर्षीपेक्षा वाढलं ही तक्रार सगळेच करतात आणि तिला उत्तर तयार असतं की दर चार वर्षांनी सुधारायची ती आकारणी किती वर्षं झालीच नव्हती. तेही खरंच असतं म्हणा. निवडणूक आली की पुढे ढकला, वाढली की स्थगिती आणा, आणि मग एकदम डोंगर.

'स्वतः' ही नोंद लोक का करतात त्याचं नुसतं कर वाचवणं हे कारण नाही. भोगवटादार (जागा प्रत्यक्ष वापरणारा) म्हणून भाडेकरूचं नाव लागलं की तो उद्या घर सोडणार नाही, ताबा सांगेल, ही जुनी भीती आहे. पागडीच्या आणि जुन्या भाडेकरूंच्या काळातून आलेली आहे, अगदी निराधार नाही. पण नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स असेल तर आकारणी रजिस्टरच्या एका रकान्यामुळे कोणाला हक्क मिळत नाही, आणि मुदत संपूनही जागा सोडली नाही तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात सक्षम प्राधिकाऱ्याकडे जायचा वेगळा रस्ता दिलाय. तुमचा करार नोंदणीकृत आहे, तेव्हा खरी नोंद ठेवली हे बरोबरच केलंत, बदलू नका.

आता भाडेकरूकडे येऊ, आणि इथे मी तुमच्या बाजूनं नाहीये हे आधीच सांगतो.

तुम्हाला भाडं १,००० नी वाढवायचंय, म्हणजे वर्षाला १२,०००. वरच्या मजल्याचा सगळा कर, जुना नवा मिळून, ९,५०४. महिन्याला ७९२. आणि वाढलेला भाग फक्त ७,९३६, महिन्याला ६६१. म्हणजे वाढ त्याच्यावर टाकून वर आणखी काहीतरी तुम्ही काढताय. जुन्या पद्धतीच्या भाडेकरूला भाडे नियंत्रण कायदा लागू असतो, तिथे पालिकेचा कर वाढला तर जेवढी वाढ तेवढीच भाड्यात घालता येते, त्याहून जास्त नाही. तुमच्या लायसन्सीला (लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला) ते थेट लागू नाही, तुमचं सगळं करारावर. पण करारात काय लिहिलंय ते वाचलंत का? ऑनलाईन नोंदणीचा जो तयार मसुदा असतो, एजंट ज्यात फक्त नावं आणि आकडे भरतो, त्यात पालिकेचे कर वगैरे सगळे लायसन्सर भरेल असं कलम असतं. लायसन्सर म्हणजे तुम्ही. तुमच्या कराराचे अजून पाच महिने बाकी आहेत, तोवर भाडं वाढवायचं कलम नसेल तर तुम्ही विनंती करू शकता, मागणी नाही. तो 'नाही' म्हणाला तर विषय पाच महिन्यांनी.

पालिका वसुली कोणाकडून करते? पहिली जबाबदारी मालकाची. मालकानं थकवलं तर भोगवटादाराकडे मागू शकते, आणि त्यानं तसं भरलं तर ते भाड्यातून कापून घ्यायचा त्याला हक्क आहे. हे भाडेकरूंना माहीतच नसतं, दारावर जप्तीची नोटीस दिसली की घाबरून सामान आवरायला लागतात. भाडेकरू असलेले कोणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी आणखी एक: हरकत फक्त मालकानंच घ्यायची असं काही नाही, भोगवटादारालाही घेता येते. तुम्ही दोघं सुनावणीला बरोबर गेलात तर जास्त चांगलं, कारण भाड्यात काय काय धरलंय हे त्याच्या तोंडून आलं की वजन पडतं.

इन्कम टॅक्सचं पण बघा. भाड्याचं उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवत असाल तर मालकानं स्वतः, त्या वर्षात, प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी त्या उत्पन्नातून वजा होते आणि उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. भाडेकरूनं परस्पर भरली तर ती वजावट तुम्हाला मिळत नाही. म्हणजे 'पावती तूच फाड' हा सल्ला कोणी दिला असेल तर तो तुमच्याच तोट्याचा. (भाडं रिटर्नमध्ये दाखवतच नसाल तर हा परिच्छेद वाचला नाही असं समजा.)

मग घरपट्टीचा भार शेवटी कोण उचलतं? ते गावावर आहे, खरंच. एमआयडीसी किंवा मेडिकल कॉलेज आलेलं गाव, खोल्या मिळत नाहीत, तिथे कर वाढला की दोन महिन्यांत भाड्यात आलेलाच असतो आणि करारबिरार कोणी बघत नाही. तुमच्यासारख्या गावात वरचे मजले रिकामे पडलेत, तिथे १,००० मागितले तर माणूस मागच्या गल्लीत ३,८०० ला जाईल आणि तुमचे तीन महिने रिकामे जातील, म्हणजे १२,००० गेले, वर्षाचा सगळा कर त्यातच बुडाला. रिकाम्या काळाची सूट मिळू शकते पण ती आपोआप नाही, जागा रिकामी झाल्याचं वेळेत लेखी कळवावं लागतं. नंतर सांगून काही होत नाही.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर राहिलं, की स्वतः राहणाऱ्याला कमी आणि भाड्यानं दिलेल्याला जास्त हे मुळात न्याय्य आहे का. यावर माझं मत आहे, ते कायदा म्हणून घेऊ नका.

पुण्याचं उदाहरण घ्या. तिथे स्वतः राहणाऱ्याला करयोग्य मूल्यात ४० टक्के सवलत १९७० पासून होती, लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, मग ती काढली, लोक चिडले, आणि २०२३ मध्ये सरकारनं परत दिली. मध्ये नव्यानं नोंद झालेल्या लोकांना पीटी-३ फॉर्म भरून मी स्वतः राहतो हे सिद्ध करावं लागलं. सवलत ४० टक्के म्हटली की लोकांना वाटतं भाड्यानं दिलं तर कर ४० टक्के वाढेल. तसं नाही, ६० चे १०० होतात म्हणजे वाढ दोन-तृतीयांश, जवळपास ६७ टक्के. कर मालकाच्या नावानं निघतो पण भाड्याचा आकडा ठरवताना तो धरूनच चालतात. म्हणजे कोथरूडला तीन बेडरूमच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला सवलत, आणि त्याच बिल्डिंगमध्ये चार पोरं मिळून राहतात त्या फ्लॅटला नाही. यात गरीब कोण? मालक मतदार असतो, वॉर्डात त्याची ओळख असते. भाडेकरूचं नाव बहुतेक वेळा गावाकडच्या यादीत. सवलत कोणाला मिळते याचं मला तरी यापेक्षा मोठं कारण कधी दिसलं नाही.

मुंबईनं दुसरा रस्ता घेतला. तिथे १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्यावर कर आहे, म्हणजे रेडी रेकनरचा (सरकारनं ठरवलेल्या बाजारभावाचा) दर, क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वय, वापर यावरून, भाडं किती येतं याच्याशी संबंध नाही. त्यातल्या काही नियमांना हायकोर्टानं २०१९ ला आणि मग सुप्रीम कोर्टानंही २०२२ ला बाद ठरवलं, ती कथा निराळी. पण ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना जी माफी २०२२ पासून पूर्ण झाली तिचा निकष घराचा आकार आहे. मला तत्त्व म्हणून हा निकष बरा वाटतो, माफी एवढी मोठी असावी का हा भाग वेगळा. लहान घराला कमी, मोठ्याला जास्त, मग आत कोण राहतं ते पालिकेनं बघूच नये. नाशिकला २०१८ मध्ये नव्या मिळकतींचे दर बरेच वाढवले तेव्हा वाद वेगळाच निघाला, जुन्या बिल्डिंगला जुना दर आणि समोरच्या नव्या बिल्डिंगला नवा, दोन्हीकडे मालकच राहतात तरी. म्हणजे मालक विरुद्ध भाडेकरू एवढीच ही फूट नाही, नवा विरुद्ध जुना पण आहे.

उलटं उदाहरण तुमच्याच बाजारपेठेत असेल. जुना वाडा, तीन पिढ्यांचे भाडेकरू, महिना साठ-सत्तर रुपये भाडं. तिथे 'प्रत्यक्ष भाडं' हा निकष लावला तर कर नगण्य येतो. मुंबईच्या जुन्या भाडे कायद्यात प्रमाणभाडं (कायद्यानं घातलेली भाड्याची कमाल मर्यादा) १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला गोठवलेलं होतं, आणि देवान दौलतराय कपूर खटल्यासारख्या निकालांत (तो १९८० च्या निकालपत्रांत सापडेल) असं धरलं गेलं की करयोग्य मूल्य प्रमाणभाड्याच्या वर जाऊ शकत नाही. पालिका कोरड्या पडल्या. बेळगाव महापालिकेच्या खटल्यात १९९४ ला सुप्रीम कोर्टानंच या जोडणीबद्दल शंका काढली. मग १९९७ च्या डिसेंबरात मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात कोर्ट म्हणालं की हे गोठवलेलं भाडं आता अवाजवी झालंय, आणि त्यानंतर १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू, वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा. पण साठ रुपयांवर ४ टक्के म्हणजे दोन रुपये चाळीस पैसे. तेव्हा आज एकाच रस्त्यावर जुना भाडेकरू असलेल्या दुकानावरच्या खोल्या, स्वतः राहणारा मालक आणि तुमचा बँकवाला अशा तिघांच्या सारख्याच जागेला तीन वेगळे कर आहेत आणि सगळ्यात जास्त ओझं जो सगळ्यात नवा आणि ज्याची या गावात ओळख नाही त्याच्यावर. प्रत्यक्ष भाडं हा निकष दिसायला खरा आणि वागायला असा आहे.

याच्या विरुद्धही बोलता येतं, ते लपवत नाही. मोठ्या जुन्या घरात एकटी राहणारी विधवा आणि चार मजले भाड्यानं देऊन महिना लाखभर कमावणारा, दोघांना चौरस मीटरचा सारखाच दर हे पटत नाही हे मलाही कळतं. पण भाड्याच्या कमाईवर इन्कम टॅक्स आहे ना, ते काम त्यानं करावं. घरपट्टी रस्ता, दिवा, कचरा, गटार यासाठी आहे आणि तुमच्या वरच्या मजल्याचा कचरा खालच्यापेक्षा पावणेचारपट नसतो.

असो, आता कामाचं. सध्या जे हातात आहे ते म्हणजे तुमची हरकत. नोटीसवर मुदत लिहिलेली असते, आधी ती बघा, बहुधा ३० दिवस, आणि नोटीस मिळाल्याची तारीख पाकिटावर आजच लिहून ठेवा. दोन मजल्यांचे मिळकत क्रमांक वेगळे असतील तर हरकती दोन, एकच असेल तर एक. खालच्या मजल्याबद्दल काही लिहायची गरज नाही असं तुम्हाला वाटतंय पण मोजमाप तपासा, फोटोत गच्चीचा जिना आणि पुढचं पत्र्याचं पोर्च पण आरसीसीच्या दरात धरल्यासारखं दिसतंय. पत्र्याला वेगळा दर असतो. बांधकामाचं वर्ष २०११ टाकलंय, तुम्ही म्हणताय घर १९९८ चं आहे, तर पूर्णत्वाचा दाखला नाहीतर जुनी पावती जोडा, घसारा वयावर मिळतो. ही असली कंटाळवाणी दुरुस्ती सगळ्यात लवकर मान्य होते, कारण त्यात अधिकाऱ्याला स्वतःचं डोकं लावून निर्णय घ्यावा लागत नाही.

वरच्या मजल्यासाठी मुद्दा एकच ठेवा: बांधकाम, क्षेत्र, वय सारखं असताना करयोग्य मूल्य पावणेचारपट, तरी तक्त्यातला दर लावावा. त्याखाली पर्याय म्हणून: तसं शक्य नसेल तर भाड्यातून पाणी, वीज, सामान आणि कर वजा करून मूल्य काढावं. भाषणं नकोत, 'सर्वसामान्य जनतेची लूट' वगैरे तर अजिबात नको, ती ओळ वाचली की वाचणारा कागद पलटतो. आवक विभागात देऊन पोच घ्या, शिक्का आणि आवक नंबर दोन्ही. सुनावणी प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकाऱ्यापुढे होते, ते नगररचना विभागाचे असतात, पालिकेचे नाही, म्हणून तुमच्या ओळखीच्या क्लार्कनं 'बघतो मी' म्हटलं त्यावर विसंबू नका. सुनावणीला स्वतः जा. गैरहजर राहिलं की आकारणी कायम, बहुतेक वेळा दोन ओळींत. तिथेही नाही जमलं तर पुढे अपील आहे, पण अपिलाआधी कराची रक्कम भरावी लागते हे धरून पैशाची सोय ठेवा.

आणि बिल आलं की भरणं थांबवू नका. हरकत चालू आहे म्हणून दोन वर्षं न भरणारे लोक मी पाहिलेत, महिना २ टक्के शास्ती म्हणजे वर्षाला २४, मग कर कमी होऊनही तेवढेच भरावे लागतात. 'हरकतीचा हक्क राखून भरत आहे' असं पत्र देऊन भरा, त्याची पण पोच. जास्त गेलेलं पुढच्या बिलात वळतं होतं, उशीर लागतो पण होतं.

भाडेकरूशी बोलायचं ते निकाल आल्यावर. दर तक्त्याचा लागला तर वरच्या मजल्याची वाढ ९९८ रुपये, महिन्याला ८३ रुपये, तेवढ्यासाठी मी तरी चांगला भाडेकरू हलवणार नाही. भाडेकरूचा दुप्पट दर लागला तर वाढ ३,५६४, महिना २९७, ती नव्या करारात निम्मी-निम्मी करा आणि कलमात स्पष्ट लिहा की पुढे कर वाढला तर फरक कोण भरणार. हरकतीचा मसुदा इथे टाकला तर वाचून सांगेन, फक्त मिळकत क्रमांक आणि नावं खोडून टाका.